प्रकल्प मुलाचा की बापाचा?

गेल्या पावसाळ्यात मालवणच्या बाजारपेठेत, दुकाने बंद होण्याच्या वेळी, एक सभ्य गृहस्थ भिजत भिजत स्टेशनरीच्या दुकानात शिरले व त्यांनी 'बेडकाचे जीवनचक्र' मागितले. दुकानदारास ह्यात नवल वाटले नाही. त्याने छापील चित्रांचा एक कागद, एक कार्डशीट, रंगीत पेनांचे पाकीट व डिंकाची बाटली निमूटपणे पुढे ठेवली. गृहस्थांचे चिरंजीव तिसरीत होते. 'प्रकल्प' दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावयाचा होता, आणि चिरंजीव तर घरी केव्हाच झोपी गेले होते. आम्ही शेजारी उभे राहून हे पाहत होतो, आणि दुकानाच्या पायरीखालील गटारात बेडकांनी असा काही कोलाहल मांडला होता की, भाव विचारण्यासाठी त्या गृहस्थांस आवाज चढवावा लागला.

प्रसंग हसण्यासारखा खरा, आणि आम्ही हसलोही. परंतु घरोघर हेच चालले आहे हे ध्यानात आले म्हणजे हसू ओसरते. पहिली ते चौथीच्या मुलांस घरी करावयास दिलेले काम आई रात्री जागून करते, बाप बाजारातून विकत आणतो, थोरली बहीण सुवाच्य अक्षरात शीर्षक लिहिते, आणि खाली नाव मात्र मुलाचे पडते. ज्या दस्तावर सही एकाची व मजकूर दुसऱ्याचा, त्यास कोर्टात काय म्हणतात हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. घरात त्याची उलटतपासणी कोणी करीत नाही एवढेच. आठ वर्षांचे मूल ह्यातून एक गोष्ट पक्की शिकते, ती ही की काम करावयाचे नसते, दाखवावयाचे असते.

कायद्याचा हेतू असा खचित नव्हता. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २९ व्या कलमात मुलांनी कृतीतून, स्वतः शोध घेऊन शिकावे, शिक्षण शक्यतो मातृभाषेतून व्हावे, आणि मूल भीतीपासून मुक्त असावे, असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत सुरू करून 'उपक्रम' व 'प्रकल्प' ह्यांस मूल्यमापनात स्थान दिले. 'प्रकल्प' ही कल्पनाही आजची नव्हे. अमेरिकेतील किलपॅट्रिक ह्यांनी १९१८ साली ती मांडली, तेव्हा तिचा गाभाच हा होता की काम मुलाने मनापासून, स्वतःचा काही हेतू धरून करावे. शंभर वर्षांत तिचे रूपांतर कार्डशीटच्या विक्रीत झाले.

शिक्षकांस आम्ही सरसकट दोष देत नाही. दोन शिक्षक व चार इयत्ता अशी ज्या शाळेची स्थिती, तेथे गुरुजींनी प्रत्येक मुलास विचारावे तरी किती? परंतु एका गोष्टीबद्दल त्यांस बोलल्यावाचून राहवत नाही. दांडीच्या किनाऱ्यावरील एखाद्या मच्छीमाराचे मूल वाकडातिकडा पण स्वतः पाहिलेला बेडूक काढून आणते आणि त्याच्या शेजारचे मूल चकचकीत विकतचा तक्ता आणते. श्रेणी कोणास चांगली मिळते? सुबक तक्त्यास चांगली श्रेणी देणे म्हणजे बापाच्या खिशास श्रेणी देणे होय, आणि हा अन्याय त्या लहान मुलास आपल्यापेक्षा लवकर कळतो.

मग घरी करावे तरी काय? ह्या किनाऱ्यावर हा प्रश्न पडावा हेच आश्चर्य. आमच्या भाषेने तर ह्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. कोकणात गणपती जेथे घडतात त्या जागेस आम्ही कारखाना म्हणत नाही, 'गणपतीची शाळा' म्हणतो. पावसाळ्यात घरचा पाट त्या शाळेत पोहोचता होतो आणि मग गावातील पोरे सकाळ-संध्याकाळ तेथे घुटमळतात. माती मळणे, पाणी आणून देणे, रंगाची वाटी धरणे, हे सर्व ती करतात. कोणी त्यांस बोलावीत नाही व कोणी हाकलीतही नाही. मूर्तिकाराने मातीचा गोळा हाती देऊन 'उंदीर कर' म्हणावे, आणि पोराच्या हातचा उंदीर मांजरासारखा दिसावा. पण दुसरा उंदीर पहिल्यापेक्षा बरा होतो, व तो का बरा झाला हे पोरास ठाऊक असते. चतुर्थीच्या आधी माटवीचे सामान आणण्यास मुलास रानात बरोबर न्यावे. कवंडळ कोठे लागते, हरण कोणत्या जागी फुलते, शेरवड कशी ओळखावी, तेरडा कोठे उगवतो, हे आजोबा वाटेत सांगतात. परत आल्यावर मुलाने प्रत्येकाचे एकेक पान वहीत दाबून ठेवावे व आजोबांनी सांगितलेले नाव खाली लिहावे. परिसर अभ्यासाचा ह्याहून चांगला प्रकल्प आम्हांस तरी ठाऊक नाही, आणि त्यास खर्च शून्य.

गणिताचे पाहा. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा किनाऱ्यावर चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीचा तास ढोबळ मानाने मिळतो. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. जुन्या शाळेत पाऊणकी घोकून घेत असत, ती ह्यासाठीही कामी येई. चौथीतील मुलास घरातील कालनिर्णय व हा ठोकताळा द्यावा. पावसाळा सरल्यावर वडीलधाऱ्याने त्यास हाताशी धरून पंधरा दिवस रोज एकाच वेळी धक्क्यावर न्यावे (एकटे कदापि सोडू नये) आणि किती पायऱ्या कोरड्या आहेत ते मोजून लिहावयास लावावे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते हे त्याच्या वहीतूनच बाहेर पडेल. ठोकताळा व प्रत्यक्ष ह्यांत थोडा फरक पडेल, आणि तो का पडतो असे मूल विचारील. बापास उत्तर येणार नाही. न येवो! दोघांनी मिळून कोणास तरी विचारावे. रापणीची मासळी वाळूत ओतल्यावर जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे कसे पडतात हे ज्या मुलाने उभे राहून पाहिले, त्यास भागाकार निराळा समजावून देण्याची फारशी गरज उरत नाही. पेढीवर बसणाऱ्या वाचकांनीही संध्याकाळी अर्धा तास मुलास तराजूपाशी बसू द्यावे. सुटे पैसे मोजताना पहिल्या दिवशी पाचदहा रुपये चुकतील, ते फी समजून सोडून द्यावेत.

बोलीची गोष्ट थोडी नाजूक आहे. घरी मालवणी बोलणारे मूल शाळेत गप्प राहते, कारण त्याची बोली 'अशुद्ध' ठरते. आजीने सांगितलेली गजाल मुलाने जशीच्या तशी मालवणीत लिहून आणावी, असे काम गुरुजींनी वर्षातून एकदा तरी द्यावे. ज्यास लिहिणे जड जाते त्याने त्या गजालीची पाच चित्रे काढावीत आणि वर्गापुढे एकेक चित्र धरून ती सांगावी. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर मंडळींनी चित्रकथीची कला ह्याच रीतीने पिढ्यान् पिढ्या सांभाळली. त्यांतील परशुराम गंगावणे ह्यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सर्वांनी अभिमानाने मान ताठ केली. त्या पद्मश्रीच्या जिल्ह्यातील मुले चित्रे मात्र दुकानातून विकत घेतात!

हे आम्ही नवे काही सांगत नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस गेल्या, तेव्हा परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नाहीत हे त्यांनी ओळखले व शंखशिंपले, दगड, बिया, पाने ह्यांवर बालशिक्षण उभे केले. अनुताई वाघ ह्यांनी पुढे कोसबाडास तेच काम आयुष्यभर नेटाने चालविले. शिंपल्यांची वाण त्या किनाऱ्यास नव्हती, तशी आमच्याही किनाऱ्यास नाही. २०२०-२१ च्या साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा ह्याच जिल्ह्यातील मुले मोबाईलची रेंज शोधीत डोंगरावर चढली, पण घरातच किती शिकण्यासारखे आहे ह्याचा शोध मात्र थोड्याच घरांनी घेतला.

'आम्हांस वेळ कोठे आहे?' हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. रात्री नऊ वाजता कार्डशीट आणण्यास जो वेळ मिळतो, तोच वेळ संध्याकाळी सहा वाजता द्यावा, एवढेच आमचे म्हणणे. दुसरा आक्षेप असा की, मुलाने एकट्याने केलेले काम शाळेत हास्यास्पद दिसते. हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो पालकांनी एकट्याने सोडविण्यासारखा नाही.

त्यावर उपाय कायद्यातच आहे. ह्याच अधिनियमाच्या २१ व्या कलमान्वये सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते व तिच्या सभासदांपैकी किमान तीनचतुर्थांश आईबाप किंवा पालक असावे लागतात. ह्या समित्या बहुधा पोषण आहार व इमारतीची गळती ह्यांपलीकडे जात नाहीत. मालवण, वेंगुर्ले, देवगड व सावंतवाडी येथील पालक-सभासदांनी पुढील सभेत दोन ठराव मांडावेत. एक, चौथीपर्यंतच्या कोणत्याही प्रकल्पास विकतचे छापील चित्र अथवा थर्माकोल चालणार नाही. थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्रात २०१८ पासूनच बंदी आहे. दुसरा, प्रकल्प हाती घेताना गुरुजींनी श्रेणी देण्यापूर्वी मुलास 'हे तू कसे केलेस?' एवढे तोंडी विचारावे, आणि श्रेणी त्या उत्तरास द्यावी. ठराव मंजूर झालेल्या शाळांची नावे आम्ही ह्याच स्तंभात आनंदाने छापू.