रथ थांबविणारा सारथि

गेल्या पंधरवड्यांत आमच्या मोर्शींतील एक जुने स्नेही सायंकाळच्या वेळीं आमच्याकडे आले व चहा होण्यापूर्वींच त्यांनीं एक घरगुती प्रश्न आमच्यापुढें ठेविला. त्यांचें कुटुंब एकत्र. तीन भावांचा संसार एका चुलीवर चालतो व संत्र्याची बाग तिघांच्या नांवें आहे. धाकट्या भावाची कन्या विमानविद्येची पदवी घेऊन बाहेर पडली आहे. एका खाजगी कंपनीनें तिला चांगल्या वेतनाची जागा देऊं केली आहे. परंतु मुलीचें मन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयांतील उड्डाणयोग्यता अधिकाऱ्याच्या जागेकडे आहे. ही सरकारी जागा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निवडीनें मिळते. यावरून घरांत दोन तट पडले आहेत. मधल्या काकांचें म्हणणें, "पगार कमी, बदल्या मात्र जास्त!" आजीबाईंचा आक्षेप निराळा. त्या म्हणतात, "जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याच्या पोटावर पाय द्यायचा, ही कसली मेली नोकरी!" आणि मौज अशी कीं, त्याच घरांत थोरल्या भावाच्या नातवास वैमानिक करावयाचें म्हणून आतांपासून पैशांची जुळवाजुळव चालली आहे.

"गुरुजी, आतां तुम्हीच काय तें सांगा," असें म्हणून स्नेही उठले. घाईंत चहाहि राहिला. आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. तें या पानावर देत आहों, कारण हा प्रश्न आतां एका घरापुरता राहिलेला नाहीं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजीं मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याच तळावर वैमानिक घडविणारी मोठी शाळा काढण्याचें एअर इंडियानें २०२४ सालीं जाहीर केलें. वर्षास १८० वैमानिक तयार करण्याचा संकल्प सोडला व त्यासाठीं ३४ लहान विमानांची मागणी नोंदविली. तेव्हां वऱ्हाडांतील घरोघरीं आज ना उद्यां ही चर्चा होणारच.

विमान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शेंदोनशें उतारूंचें मोठें विमान उभें राहतें. परंतु आकाशांत याखेरीज एक निराळा परिवार वावरत असतो. शिकाऊ मुलांचीं दोन-चार आसनांचीं विमानें, श्रीमंतांचीं व पुढाऱ्यांचीं खाजगी वा भाड्याचीं विमानें, रुग्णास तातडीनें नेणारीं विमानें, या सर्वांस मिळून त्या व्यवसायांत ‘जनरल एव्हिएशन’ म्हणतात. मोठ्या कंपनीच्या पाठीशीं अभियंत्यांची फौज असते. लहान विमानाच्या पाठीशीं कित्येकदां एक हँगर, दोन-तीन अभियंते व एक धांवपट्टी एवढाच संसार. त्यांतहि शिकाऊ विमानाचे हाल विचारूंच नयेत. व्यवसायी वैमानिकाच्या परवान्यासाठीं २०० तासांचें उड्डाण लागतें. तें पुरें करण्यासाठीं एकामागून एक विद्यार्थी त्याच विमानांत बसतात, आणि नवशिक्या हातांनीं तें दिवसांतून अनेक वेळां जमिनीवर आदळतें.

अशा विमानांवर सरकारचा निरीक्षक लक्ष ठेवितो. तो स्वतः पाना हातीं धरीत नाहीं. दुरुस्ती परवानाधारक अभियंता करतो व ‘विमान उडण्यास योग्य आहे’ अशी सहीहि तोच करतो. त्या सहीच्या मागें काम आहे कीं नुसती शाई आहे, हें पाहणें निरीक्षकाचें कर्तव्य. विमानाच्या सांगाड्याच्या, इंजिनाच्या व पंख्याच्या नोंदी निरनिराळ्या असतात. ठराविक तास भरले कीं ठराविक तपासणी. आणि लहान पिस्टन इंजिनांपैकीं पुष्कळांचें आयुष्य सुमारें २००० तासांचें, तें भरलें कीं इंजिन पुरतें उघडून नवें करावें लागतें. निरीक्षक या नोंदी एकमेकींशीं ताडून पाहतो. उड्डाणाच्या वहींत दोन तास लिहिले आहेत आणि पेट्रोल अर्ध्या तासाचेंच खपलें आहे, तर दोहोंपैकीं एक वही खोटें बोलत आहे हें उघड झालें. टाकीच्या तळाशीं पाणी साचलें आहे काय, हें पाहण्यासाठीं उड्डाणापूर्वीं थोडें इंधन कांचेच्या भांड्यांत काढतात. पाणी जड, तें खालीं बसतें. हें इतकें साधें काम रोज केलें जातें कीं नाहीं, तेंहि तो विचारतो. वैमानिकांचे शिक्षण व परीक्षा पाहणारे निरीक्षक वेगळे. ते स्वतः अनुभवी वैमानिक असतात. उणें दिसल्यास मुदत देणें, आणि जिवाशीं गांठ असेल तर उड्डाणच थांबविणें, एवढें सामर्थ्य या खात्याच्या हातीं कायद्यानें दिलें आहे. हा कायदा प्रथम १९३४ सालीं झाला. त्याच्या जागीं आलेला भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

तपासणीचें मर्म आम्हांस थोडेंसें ठाऊक आहे, कारण तिच्या दुसऱ्या बाजूस आम्हीं उभें आयुष्य काढिलें. तरुणपणीं एका खेड्यांतील शाळेंत असतांना साहेबांची तपासणी ठरली. आम्हीं वर्गांतील नऊ कच्च्या मुलांस त्या दिवशीं घरीं राहण्यास सांगितलें. साहेब आले, वर्ग तडातड उत्तरें देऊं लागला, आम्ही मनांत सुखावलों. साहेबांनीं हजेरीपट उघडला, एकदां बाकांवरील डोकीं मोजलीं आणि कांहींएक न बोलतां ते शाळेबाहेर पडले. शेजारच्या शेतांत त्या नवांपैकीं दोघे गुरें राखीत होते. त्यांस बोलावून साहेबांनीं एक ओळ वाचावयास दिली. ती त्यांस वाचतां आली नाहीं. शेरेबुकांत त्यांनीं एवढेंच लिहिलें कीं, वर्ग चांगला आहे. वर्गाबाहेरील नऊ मुलांस शिक्षकाची गरज आहे. त्या माणसाचा आम्हांस कित्येक महिने राग होता. पण त्या वर्षीं ते नऊहि मुलगे वाचूं लागले, ही गोष्टहि आम्हीं येथें सांगितली पाहिजे.

शाळेंत लपविलेला कच्चेपणा निदान जमिनीवर राहतो. विमानाचा तसा नाहीं. १६ जुलै २०२१ रोजीं जळगांव जिल्ह्यांतील चोपडा तालुक्यांत एक शिकाऊ विमान कोसळलें. शिकविणारा वैमानिक गेला व विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली. १८ मार्च २०२३ रोजीं गोंदियाजवळच्या बिरसी तळावरून निघालेलें विमान बालाघाट जिल्ह्याच्या डोंगरांत पडलें; गुरु आणि शिष्या दोघेंहि गेलीं. २८ जून २०१८ रोजीं मुंबईस घाटकोपर येथें एक लहान विमान दुरुस्तीनंतरच्या चाचणी-उड्डाणांत कोसळलें. त्यांत दोन वैमानिकांबरोबर एक अभियंता व एक तंत्रज्ञ होते. चौघेहि गेले, आणि खालीं रस्त्यावर चालणारा एक निरपराध मनुष्यहि गेला. प्रत्येक अपघाताचें मूळ तपासणींतील उणिवेंतच असतें, असें आमचें म्हणणें नाहीं. हवा, डोंगर व माणसाची घटकाभराची भूल यांचाहि त्यांत वांटा असतो. परंतु बारामतीस २०२३ च्या ऑक्टोबरांत एकाच शिक्षणसंस्थेचीं दोन विमानें चार दिवसांच्या आंत पडलीं, तेव्हां महासंचालनालयानें त्या संस्थेची परवानगी स्थगित केली. त्या दिवशीं संस्थेचें नुकसान झालें, विद्यार्थ्यांचे दिवस फुकट गेले, पुष्कळांनीं बोटें मोडलीं असतील. पण तिसरें विमान पडलें असतें कीं नाहीं, हें आतां कोण सांगणार? निरीक्षकाच्या यशाचा हाच दैवदुर्विलास कीं, तें कधींच दिसत नाहीं. न झालेल्या अपघाताची बातमी छापली जात नसते.

सही विकली गेली म्हणजे काय होतें, तेंहि देशानें पाहिलें आहे. २०११ सालीं खोट्या गुणपत्रिकांवर व न केलेल्या उड्डाणाच्या तासांवर मिळविलेले वैमानिकांचे परवाने उघडकीस आले. अटक झालेल्यांत खुद्द महासंचालनालयांतील एक अधिकारीहि होता. म्हणून या नोकरींत विद्येइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, गरज आहे ती हात स्वच्छ ठेवण्याची. ज्याची तपासणी करावयाची त्याच्याच गाडींतून जाण्याचा, त्याच्याच पंक्तीस जेवण्याचा मोह लहान गांवीं पदोपदीं होतो. मुलगी या वाटेस जाणार असेल, तर हें तिला आजच सांगून ठेवावें.

आतां आजीबाईंच्या आक्षेपाकडे वळूं. त्यांस एक जुनी कथा आमच्याहून चांगली ठाऊक आहे. आमच्या मोर्शीजवळील धरणाच्या पाण्यास नळ-दमयंती सागर म्हणतात, तेव्हां ती येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. महाभारतांतील नळोपाख्यानांत राजा ऋतुपर्णास एका दिवसांत अयोध्येहून विदर्भांत कुंडिनपुरास पोंचावयाचें होतें. सारथि होता बाहुक, म्हणजे वेष पालटलेला नळ. राजाची घाई चालली असतां नळ पागेंत घोडे पुनःपुन्हां पारखीत राहिला व त्यानें दिसण्यांत कृश असे घोडे निवडले. राजा रागावला, हे कसले घोडे, म्हणाला. नळानें त्यांच्या अंगावरील शुभ खुणा एकेक करून दाखविल्या आणि, दुसरे हवे असतील तर तेहि जोडतों, असें शांतपणें सांगितलें. पुढें वाटेंत राजानें एका बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें नजरेनेंच मोजून सांगितलीं. नळानें रथ थांबविला. तुमचें म्हणणें खरें असेल, पण मी डोळ्यांदेखत मोजल्यावांचून मानणार नाहीं, असा त्याचा हट्ट. राजा म्हणाला, उशीर होईल. नळ म्हणाला, घाई असेल तर दुसरा सारथि घेऊन पुढें व्हा. राजा थांबला, मोजणी झाली, संख्या खरी निघाली. राजा खोटारडा नव्हता. तरीहि नळानें मोजलें. त्यानंतर राजाकडून त्यास अक्षविद्या मिळाली, आणि इतकीं वर्षें त्याच्या अंगांत दडलेला कलि बाहेर पडला.

आम्हांस निरीक्षकाचा धर्म याच कथेंत दिसतो. समोरचा लबाड आहे असें गृहीत धरून तो मोजीत नाहीं. मोजल्यावांचून सही करावयाची नाहीं, एवढेंच त्याचें व्रत. यांत कोणाच्या पोटावर पाय येत नाहीं. उलट ज्या आईनें आपला मुलगा त्या विमानांत बसविला, तिच्या पोटचा गोळा त्यामुळें घरीं येतो.

काकांचें म्हणणें मात्र आम्ही खोडून काढूं शकत नाहीं. वेतन कमी असेल, बदल्या होतील. पण हीं माणसें न मिळाल्यामुळें देशाचें काय होतें, तेंहि त्यांनीं पहावें. २०१४ च्या जानेवारींत अमेरिकेच्या विमान-प्रशासनानें भारताचा सुरक्षा-दर्जा खालीं उतरविला. आपल्या खात्यांत पुरेसे शिकलेले पूर्णवेळ निरीक्षक नाहींत, हें त्याचें एक मुख्य कारण होतें. नवीन नेमणुका झाल्या, आणि २०१५ च्या एप्रिलांत दर्जा परत मिळाला. तरी २०२५ च्या ऑगस्टांत संसदेच्या समितीनें पुन्हां दाखविलें कीं, महासंचालनालयाच्या मंजूर १०६३ जागांपैकीं ५५३ च भरलेल्या आहेत. विमानें वाढत आहेत, शाळा वाढत आहेत, आणि मोजणारे हात निम्मे आहेत. आपल्या नातवास त्याच आकाशांत पाठविण्यासाठीं लाखों रुपये उभे करणाऱ्या घरानें आपल्या लेकीस मोजणीच्या कामापासून परावृत्त करावें, हें आम्हांस विसंगत वाटतें.

तेव्हां आमचें मत असें: मुलीस जाऊं द्यावें. आणि ज्या घरांतून मुलें वैमानिक होण्यास जाणार आहेत, त्यांनीं शाळा निवडतांना फी व इमारत पाहण्यापूर्वीं, विमानांची देखभाल कोण करतो, अभियंते किती आहेत, खात्याचा शेवटचा शेरा काय होता, हें निःसंकोच विचारावें. उत्तर देण्यास जी संस्था कां-कूं करील, तिच्या दारांतून परत फिरावें. उड्डाण रद्द झालें म्हणून मुलानें घरीं कुरकुर केल्यास ऋतुपर्णाप्रमाणें आपणहि घाई करूं नये. थांबलेला रथ पुन्हां निघतो.

आमच्या स्नेह्यांनीं हें पान आजीबाईंस वाचून दाखवावें. तरीहि त्यांचें समाधान न झाल्यास आम्ही स्वतः येऊं. त्या दिवशींचा चहा तसाहि राहिलाच आहे.