सीझरचा 'तो एक शब्द' तुमच्या दुकानात चालेल का?



लीडरशिपच्या सेमिनारमध्ये एक किस्सा हमखास ऐकवतात. इ.स.पू. 47. ज्युलियस सीझरच्या जुन्या फौजा बंड करून रोमवर चालून आल्या. सीझर समोर गेला आणि नेहमीसारखं 'सैनिकांनो' न म्हणता 'नागरिकांनो' म्हणाला. म्हणजे, तुम्ही आता माझे नाही. एका शब्दात बंड थंड. टाळ्या!

माझं मत विचाराल तर हा किस्सा अर्धाच सांगितला जातो.

बंडखोरांत दहावी लीजन होती. लीजन म्हणजे काही हजार पायदळाची पलटण, आणि ही तर सीझरची सगळ्यात लाडकी. 58 मध्ये जर्मन राजा अरिओव्हिस्टसच्या धास्तीने फौज कचरली, तेव्हा सीझर म्हणाला होता, कोणी आलं नाही तर फक्त दहावीला घेऊन जाईन. 55 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर सगळे थबकले, तेव्हा पाण्यात पहिली उडी दहावीच्या ध्वजधारकाने मारली. 48 मध्ये फार्सालसच्या लढाईत उजवी बाजू दहावीनेच धरली.

मग अशी माणसं बिथरली का? कारण साधं आहे. कबूल केलेलं बक्षीस आणि सेवेतून सुटका, दोन्ही लांबत चाललं होतं. फार्सालसनंतर त्यांना इटलीत बसवून ठेवलं आणि सीझर वर्षभर परदेशात.

आता उरलेला अर्धा किस्सा बघा. सीझरने त्याच भाषणात सांगितलं, 'सुटका मंजूर, कबूल केलेलंही देईन.' म्होरक्यांच्या वाट्याला कात्री लावली, पण 46 च्या विजयोत्सवात सैनिकांना भरघोस पैसे वाटले. दहावीच्या निवृत्तांना नार्बोला, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या नार्बोनला, जमिनी मिळाल्या. त्या वसाहतीच्या नावातच 'दहावीवाल्यांची' असा शब्द आला. आणि 45 मध्ये मुंडाच्या लढाईत दहावी पुन्हा उजव्या बाजूला उभी होती.

म्हणजे तो शब्द चालला, कारण मागे अकरा वर्षांचा हिशोब होता आणि पुढे देणी चुकती झाली.

आपण मात्र फक्त डायलॉग उचलतो. दहा वर्षांचा जुना माणूस पगारवाढीची आठवण करून देतो आणि आपण म्हणतो, "दरवाजा उघडा आहे." तो खरंच निघून जाईल हो! आणि जाताना गिऱ्हाइकांची ओळखही घेऊन जाईल.

आज गल्ला बंद करताना एक काम करा. कोणाला तोंडी काय कबूल केलंय, ते वहीत लिहा. प्रत्येक नावापुढे तारीख टाका. आणि ती तारीख पाळा.