औषध आहे, विश्वास हवा

१ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी केंद्रांतून एच.आय.व्ही.वरील औषधे मोफत मिळू लागली. मृत्यूची वर्दी समजला जाणारा हा रोग मधुमेहासारखा आयुष्यभर सांभाळण्याचा आजार झाला. मात्र गोळी रोज घ्यावी लागते. तिच्यासाठी कुहीच्या शेतमजुराला रोजी बुडवून नागपूर गाठावे लागले, तर ‘मोफत’ या शब्दाला अर्थ तो काय? उपचारांचा आरंभ मोठ्या रुग्णालयात होवो. पुढील गोळ्या, वजन, क्षयाच्या खोकल्याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्राला जमण्याजोगी आहे. अडते ते गुप्ततेपाशी. गावच्या केंद्रात सारेच ओळखीचे. म्हणूनच जवळचे दार सोडून रुग्ण दूरचे ठोठावतो. २०१७ च्या कायद्याने गुप्ततेला संरक्षण दिले आहे. ती पाळणारा कर्मचारी घडविणे, हेच आता खरे कार्य होय.