संस्थापक गेला म्हणून मैफल मोडायची का?

बँडमधला संस्थापक बाहेर पडला की आपल्या रसिकांचा निकाल तयारच असतो : "आता त्यात राम राहिला नाही!" मग नवा अल्बम ऐकायचा नाही, नवा वादक कोण ते विचारायचे नाही. जुन्याची आठवण काढून उसासा टाकायचा आणि स्वतःला दर्दी म्हणवून घ्यायचे. मंडळी, मला या दर्दीपणाचा मनापासून राग येतो.

माझी बहीण पांढुर्ण्याला दिली आहे. मध्य प्रदेशातला हा मराठी मुलूख. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा निघून पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यातच आले. माझा भाचा आणि त्याचे सौसरचे मित्र मिळून रॉक वाजवतात. बँड ज्याने सुरू केला तो गिटारवाला नोकरीसाठी दूर गेला. "मामा, बंदच करतो आता. लोकं म्हणतात, पहिलेसारखं नाही राहिलं," भाचा म्हणाला. वय वर्षे बावीस! त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो.

त्याच पट्ट्यात खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजने म्हणतात. महाराज १९६८ साली गेले, भजन थांबले नाही. पण भजनाची बांधणीच अशी की ते कोणीही उचलावे. बँडचे तसे नसते, हे मलाही मान्य आहे. आमच्या कचेरीत बदली झाली की चार्ज देतात. फायली, किल्ल्या, रजिस्टरे, यादीवर दोन सह्या, की दुसऱ्या दिवशी काम सुरू. बँडमध्ये गिटार हवाली करता येईल, बोटे कशी करणार? त्यात प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांबलचक रचना, मध्येच बदलणारे ताल, आणि एकमेकांच्या सवयी ओळखून वाजवणे. तिथे एक माणूस गेला की सगळ्यांचेच वाजवणे बदलते.

आपल्याकडचे मोठे उदाहरण 'इंडियन ओशन'चे. फ्यूजन म्हणा, प्रोग्रेसिव्ह म्हणा. सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० साली दिल्लीत हा बँड उभा केला. राहुल राम आणि अमित किलम नंतर आले. राहुल नर्मदा बचाव आंदोलनात होता, तिथून 'माँ रेवा' आले. २००० सालच्या 'कंदिसा'ने त्यांना देशभर नेले. असीम तबला वाजवता वाजवता गात असे. डिसेंबर २००९ मध्ये तो गेला, आणि त्याच्या एका जागेवर दोन माणसे घ्यावी लागली, एक गायला आणि एक तबल्याला. २०१३ साली सुश्मितही बाहेर पडला आणि निखिल राव गिटारवर आला. म्हणजे संस्थापक दोन्ही नाहीत! तरी २०१४ साली शुभा मुद्गल, शंकर महादेवन यांच्यासारख्या पाहुण्यांना घेऊन 'तांडानू' आला, २०२३ साली 'तू है' आला. सुश्मितची ती गिटार आता नाही, हे खरेच. पण त्यात राम राहिला नाही म्हणणाऱ्यांनो, राम तर तिथेच आहे! तुम्ही मात्र नवीन काही न ऐकता अजून 'कंदिसा, कंदिसा' म्हणून ओरडता.

रॉक नको असेल तर आपल्या घरातलेच बघा. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ साली किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. 'मानापमान'च्या (१९११) चाली टेंब्यांच्या. ठुमरी-कजरीच्या वळणाच्या त्या चालींनी लोकांना वेड लावले होते. हे टेंबे १९१५ साली बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली. मग गंधर्व मंडळी बुडाली का? १९१६ साली 'स्वयंवर' आले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ख्यालाच्या अंगाने जाणाऱ्या. टेंब्यांची नक्कल करायला कोणी बसले नाही, मंडळीने वेगळी वाट धरली. टेंबेही संपले नाहीत. 'अयोध्येचा राजा'चे (१९३२) संगीत त्यांचे आणि त्यातला हरिश्चंद्रही तेच. तिकडे किर्लोस्कर मंडळीत आपल्या मंगेशीचे दीनानाथ उभे राहिले, आणि १९१८ साली तेही बाहेर पडून 'बळवंत'चे झाले.

कोणी म्हणेल, 'प्रभात'चे काय? १९४२ साली शांताराम गेले आणि कंपनी पुढे टिकली नाही. टिकली नाही, कबूल. पण १९४४ चा 'रामशास्त्री' शांताराम गेल्यानंतरचाच आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. परदेशातही हेच. 'जेनेसिस'मधून पीटर गॅब्रिएल १९७५ साली गेला, तेव्हा ढोल वाजवणारा फिल कॉलिन्स पुढे येऊन गाऊ लागला. पुढे बँड सोप्या गाण्यांकडे वळला. ते आवडो न आवडो, पण त्यांनी गॅब्रिएलचा मुखवटा चढवला नाही. माझी कसोटी एवढीच आहे. उरलेल्यांनी नवीन बांधले तर पाटीवर त्यांचा हक्क आहे. जुन्यावरच दुकान चालवले तर ते दरवर्षीचे श्राद्ध.

आणि हे श्राद्ध घालायला लावतो कोण? आपणच! आपल्या गोव्यातल्या नाट्यसंगीताच्या मैफली आठवा. देवळाचा उत्सव असो की अकादमीचे सभागृह, तीच दहा-बारा पदे, त्याच जागा, त्याच ताना. एखाद्या मुलाने नवी चाल बांधली की पहिल्या रांगेतून फर्माइशीची चिठ्ठी जाते आणि बिचारा निमूट जुन्यावर येतो. १९१६ च्या प्रेक्षकांनी असेच 'मानापमान, मानापमान' केले असते तर आज ज्या 'स्वयंवर'साठी आपण माना डोलावतो ते उभेच राहिले नसते. त्या लोकांनी टेंबे गेल्याचे दुःख केलेच असेल, पण बखल्यांसाठी कान उघडे ठेवले. आपण त्यांचे वारस म्हणवतो आणि त्यांच्यासारखे ऐकत मात्र नाही.

संस्थापकाच्या जाण्याने मैफल बदलते. ती मरते श्रोत्यांच्या हट्टाने. तेव्हा पुढच्या वेळी चिठ्ठी पाठवाल तेव्हा एकदा तरी लिहा : तुमचे स्वतःचे, नवे काय असेल ते ऐकवा.