परतीच्या वाटेचा परवाना

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एका घोषणापत्रावर स्वाक्षरी केली आणि एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपयांचे शुल्क आकारण्याचे ठरले. अंमलबजावणी २१ सप्टेंबरपासून होणार होती. मधल्या काही तासांत अनेक बड्या कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी आपल्या परदेशी कर्मचाऱ्यांना तातडीचे निरोप धाडले. जे अमेरिकेबाहेर आहेत त्यांनी मुदतीपूर्वी परतावे, जे आत आहेत त्यांनी देश सोडू नये! हे शुल्क केवळ नव्या अर्जांना आणि एकदाच लागू असल्याचा खुलासा पुढे झाला. तोवर सुट्टीवर मायदेशी आलेल्या कित्येकांनी मिळेल त्या विमानाचे तिकीट काढलेले होते.

एका निरोपासरशी उच्चविद्याविभूषित माणसांची अशी धावपळ व्हावी, यातच या प्रश्नाचे मर्म आहे. संस्था आपल्या परदेशी कर्मचाऱ्यांना व्हिसा आणि प्रवासाविषयी जे मार्गदर्शन करतात, ते वरवर पाहता कार्यालयीन कामकाजाचा भाग वाटते. प्रत्यक्षात त्या चार ओळींवर एखाद्या घरातील लग्न, एखाद्या वृद्ध पित्याची अखेरची भेट आणि अनेक वर्षांचे संशोधन टांगलेले असते.

घुग्घुसपर्यंत आलेला प्रश्न

हा विषय आता मुंबई-पुण्याच्या उच्चभ्रू वस्त्यांपुरता राहिलेला नाही. वर्धा नदीच्या काठचे घुग्घुस हे कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि लोखंडाच्या कारखान्यांचे गाव. वेकोलिच्या वसाहतीत आंध्र-तेलंगणापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची कुटुंबे पोटासाठी येऊन स्थिरावली. स्थलांतर म्हणजे काय, हे या गावाला कोणी शिकवायला नको. खाणीत राबलेल्या बापाची मुलगी नागपुरात अभियांत्रिकी वा विज्ञानाचे शिक्षण घेते आणि तेथून एखाद्या परदेशी प्रयोगशाळेत पोहोचते, यात आज नवल उरलेले नाही. तिच्या आईवडिलांना मात्र एक कोडे पडते. लेक कायदेशीर नोकरी करते, कर भरते; मग दिवाळीला घरी येण्याची तिला भीती का वाटावी?

याचे उत्तर साधे आहे, परंतु ते क्वचितच कोणी समजावून सांगते. पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का ही दारातून आत जाण्याची अनुमती असते. आत राहण्याची व काम करण्याची अनुमती वेगळी. तिचा कालावधी आय-९४ या नोंदीत लिहिलेला असतो. शिक्क्याची मुदत संपली तरी राहण्याची अनुमती शाबूत असू शकते. अशी व्यक्ती तेथे निर्धास्त काम करू शकते. पण एकदा घरी आली की नवा शिक्का मिळाल्याखेरीज तिला बहुधा परतता येत नाही. 'प्रवास टाळावा' या सल्ल्याचे मूळ येथे आहे.

हा शिक्का मिळविणे २०२५ मध्ये उत्तरोत्तर अवघड होत गेले. २ सप्टेंबरपासून मुलाखतीविना नूतनीकरणाची सवलत बहुतेकांसाठी संपली. त्याच आठवड्यात, अर्ज स्वदेशातील अथवा वास्तव्याच्या देशातील वकिलातीतच करावा, असा दंडक आला. सिंगापूर वा जर्मनीत जाऊन काम उरकण्याची वाट बंद झाली. १५ डिसेंबरपासून एच-१बी अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची छाननी सुरू झाली आणि भारतातील अनेक मुलाखती थेट २०२६ च्या मार्चपर्यंत वा त्याही पुढे ढकलल्या गेल्या. दोन आठवड्यांच्या रजेवर आलेली माणसे महिनोन्‌महिने अडकून पडली. घुग्घुसकरांना मुंबईपेक्षा हैदराबादची वकिलात जवळची. परंतु मुलाखतीची तारीखच नसेल तर अंतराचा हिशेब मांडून काय उपयोग?

संशोधकाची अडचण अधिक

संगणक अभियंत्यापेक्षा संशोधकाची स्थिती नाजूक असते. रसायनशास्त्र, अणुविज्ञान, जैवतंत्रज्ञान अशा विषयांचे नाव निघताच वकिलातीत जादा चौकशी लागू शकते. कायद्याच्या कलम २२१ (जी) खाली अर्ज प्रलंबित ठेवला जातो आणि तो किती काळ राहील याची हमी नसते.

नामवंतही यातून सुटलेले नाहीत. पोखरणच्या चाचण्यांनंतर १९९८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. राजगोपाल चिदंबरम यांना स्फटिकशास्त्राच्या बैठकीसाठी अमेरिकेचा व्हिसा नाकारण्यात आला. २००६ च्या फेब्रुवारीत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक डॉ. गोवर्धन मेहता यांना चेन्नईच्या वकिलातीत असाच अनुभव आला; त्यांचे रसायनशास्त्रातील काम हेच संशयाचे कारण ठरले. देशभर संताप उसळल्यावर व्हिसा देऊ करण्यात आला, परंतु मेहता यांनी तो दौरा केला नाही. त्या नकारामागील स्वाभिमान समजण्याजोगा आहे. पण जागतिक कीर्तीच्या शास्त्रज्ञाला जो नकार परवडतो, तो पहिलीच नेमणूक मिळालेल्या तरुण संशोधकाला परवडेलच असे नाही.

संस्थांचे हातही बांधलेले आहेत. अमेरिकेतील विद्यापीठे आणि ना-नफा संशोधन संस्था एच-१बीच्या ८५ हजारांच्या वार्षिक मर्यादेतून मुक्त असतात. एक लाख डॉलरच्या शुल्कातून मात्र त्यांना सरसकट सूट मिळाली नाही. नवख्या संशोधकाचे वर्षाचे वेतनही बहुधा तेवढे नसते. अशा वेळी संस्था 'जाऊ नका' एवढेच सांगते. हा सल्ला चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. तो संस्थेच्या प्रयोगशाळेचा विचार करतो. घुग्घुसमधील आजारी आईचा विचार कुटुंबालाच करावा लागतो.

म्हणून कुटुंबांनीही काही पथ्ये पाळावीत. मुलाच्या व्हिसाची स्थिती न विचारता लग्नाचा मुहूर्त धरू नये. 'आमच्यासाठी चार दिवस येता येत नाही?' हा टोमणा मारण्यापूर्वी त्या चार दिवसांची किंमत जाणून घ्यावी. आईवडिलांची पारपत्रे तयार ठेवावीत आणि गंभीर आजारपणात काय करायचे, हे शांतपणी आधीच बोलून ठेवावे. मुलांनीही खरी परिस्थिती घरापासून लपवू नये. जे आधी बोलले गेले त्याचा सल मागे राहत नाही.

आपले दार कसे आहे?

कोणाला प्रवेश द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. भारतानेही १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे रद्द करून एकच नवा आप्रवास व परकीय नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू केला. अमेरिकेच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा आपल्या दाराशी येणाऱ्या संशोधकाला आपण कसे वागवितो, हे तपासणे अधिक हिताचे ठरेल.

मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजेच ओसीआय कार्ड असलेल्या व्यक्तीलाही भारतात संशोधन करण्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. सुरक्षेचे कारण रास्त असू शकते. परंतु ताडोबाच्या वनात वा गडचिरोलीच्या आरोग्यप्रश्नावर काम करू इच्छिणाऱ्या आपल्याच रक्ताच्या शास्त्रज्ञाला ती परवानगी ठरावीक मुदतीत मिळाली पाहिजे. युरोपात 'युराक्सेस' हे जाळे संशोधकांना व्हिसा, निवास, कर, मुलांची शाळा अशा सर्व बाबींत मार्गदर्शन करते. आपल्या संस्थांत हे काम बहुधा एखाद्या लिपिकाच्या टेबलावर अन्य फायलींखाली असते.

खरा कस येथेच लागणार आहे. जे-१ व्हिसावरील अनेक भारतीय संशोधकांना दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने संबंधित कौशल्य-सूचीतून भारताचे नाव वगळल्याने, केवळ त्या सूचीमुळे बांधलेल्यांची ती सक्ती संपली. आता परतणे घडेल ते ओढीने. ओढ कशी निर्माण होते, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. डॉ. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि गडचिरोलीत 'सर्च'चे काम उभे केले. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन मृत्यू कसे घटविता येतात, हे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगाला दाखविले. या मंडळींना कोणत्याही वकिलातीने परत धाडलेले नव्हते. त्यांच्यापुढे काम होते आणि ते करण्याचा संकल्प होता.

असे काम आणि असे वातावरण जिल्ह्याजिल्ह्यात निर्माण करणे, हे या अस्वस्थ काळाचे आवाहन आहे. गोंडवाना विद्यापीठासह प्रत्येक विद्यापीठाने आणि संशोधन संस्थेने परदेशी जाणाऱ्या, तेथून परतणाऱ्या आणि येथे पाहुण्या म्हणून येणाऱ्या संशोधकांसाठी एक खिडकी उघडावी, लेखी व मुदतबद्ध मार्गदर्शन द्यावे आणि परतणाऱ्याच्या नेमणुकीचा निर्णय वर्षानुवर्षे रखडू देऊ नये. परक्या दारावरील शिक्का आपल्या हाती नाही. आपल्या दाराची कडी मात्र आतूनच काढायची असते.