विश्लेषण : गॅस गिझर बाथरूममध्ये का नको?

थंडी पडली, की हडपसर-फुरसुंगीतील सोसायट्यांत गॅस गिझर बसवण्याची लगबग सुरू होते. ‘एमएनजीएल’चा पाइप गॅस आलेल्या घरांत सिलिंडरवरचा जुना गिझर त्यावरच जोडण्याचा मोह होतो. दोन्हींत धोका आहे.

धोका नेमका कशाचा?
गॅस पूर्ण जळायला भरपूर हवा लागते. बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसगळतीचा वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. चक्कर येते आणि दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

पाइप गॅस सुरक्षित नाही का?
गळती झाल्यास तो हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. एलपीजी जमिनीलगत साचतो. पण अपुऱ्या हवेत जळताना मोनॉक्साइड दोन्हींतून निघतो. शिवाय दोन्हींचे जेट वेगळे असतात. त्यामुळे सिलिंडरचा गिझर अधिकृत तंत्रज्ञाकडून बदल करून घेतल्याशिवाय पाइपला जोडू नये.

मग काय करावे?
गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. काचा लावून बंद केलेली बाल्कनी मोकळी जागा नव्हे. ज्योत पिवळी दिसली, तर गिझर बंद करून तपासून घ्यावा. अंघोळीला गेलेल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही, तर वाट पाहू नये. दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे.