घरचं दैनिक



साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतः हाताने लिहीत. त्याच गुरुजींनी 1933 साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. पुढे पुतणी सुधाला लिहिलेल्या ‘सुंदर पत्रां’त ऋतू, फुलं-पाखरं, पुस्तकं, घरची खबरबात सगळंच आलं.

पावसात मुलं घरात अडकली की मोबाइल मागतात. दर जुम्याला त्यांच्या हाती एक कोरा कागद द्या. गंगापूर रोडवर पाऊस कसा झाला, गोदावरीला पाणी किती चढलं, कोणतं पुस्तक वाचलं, अम्मीने काय रांधलं, एवढंच लिहू द्या.

आपल्या कितीतरी घरांत नातवाला मराठी वाचता येतं आणि दादीला फक्त उर्दू. एकाच छताखाली राहून दोघांना एकमेकांचं लिहिलेलं कळत नाही. म्हणून कागदाची मागची बाजू दादीसाठी ठेवा. तिने तिच्या लहानपणीच्या पावसाच्या चार ओळी उर्दूत लिहाव्यात. मग दोघांनी एकमेकांना वाचून दाखवावं आणि एकेक अक्षर शिकवावं.

चुकांवर लाल शाई मात्र फिरवू नका. ते काम शाळेत आम्ही करतोच. कागद तारखा टाकून जपून ठेवा. उद्या दादीचं अक्षर तेवढंच हाती राहील.